नकाशात सासर नसलेली शैलाताई

बातमी आली तेव्हा मी इथे बहारीनमध्ये, बुदैयाच्या एका नव्या व्हिलाच्या गच्चीवर होतो, एसीच्या डक्टमध्ये कमरेपर्यंत शिरलेला. फोन बशीरचा होता. बशीर म्हणजे अदलियातल्या एका तीन मजली इमारतीचा केरळी रखवालदार. एरवी तो अर्धा तास बोलल्याशिवाय फोन ठेवत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "साब, तीसरा माला का मम्मी... खलास."

तिसऱ्या मजल्यावरची मम्मी म्हणजे आमची शैलाताई. तिची माझी एकवीस वर्षांची ओळख. माझ्या मुलीला पहिलं इंजेक्शन तिने दिलं, मला बहारीनमधली पहिली शिवी तिने शिकवली, आणि माझ्या प्रत्येक विनोदाला पहिल्या रांगेत बसून ती हसायची नाही. मी डक्टमधून बाहेर आलो, उन्हात उभा राहिलो, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? रडू नाही आलं. आठवण नाही आली. पहिला विचार आला, ही बातमी टाकायची कुठल्या ग्रुपवर?

मग मात्र मी फोन पुन्हा खिशात ठेवला. कारण ते ग्रुप मी केले होते. आणि शैलाताई त्यातल्या एकातही नव्हती.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो. मूळचा कुडाळचा, वय त्रेपन्न, पोटापाण्यासाठी एसीचं डिझाइन करतो आणि जिवासाठी स्टेजवर उभा राहतो. इथल्या आमच्या मराठी मंडळात माईक माझ्या हातात असतो. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, काहीही असो, मी आधी चार नकला करतो आणि मगच कार्यक्रम सुरू होतो. लोक हसतात. लोक हसले की मला आणखी सुचतं, आणि इथेच सगळा घोटाळा आहे.

गेल्या वर्षी गणपतीला मला सुचले पाच सुभे. कोकण, पुणे, विदर्भ, मराठवाडा, खानदेश. जेवणाची स्पर्धा! प्रत्येक सुभ्याला झेंडा, प्रत्येकाला सुभेदार, प्रत्येकाचा व्हॉट्सॲप ग्रुप. नावनोंदणीच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवला: जिल्हा. कोकणचा सुभेदार अर्थातच मी. माझी बायको नीलिमा अकोल्याची, म्हणून ती शत्रुपक्षात. आमच्या घरात सरहद्द गॅसच्या शेगडीवरून जायची. डाव्या बाजूला माझं तिरफळ, उजव्या बाजूला तिचा ठेचा, आणि मधल्या बर्नरवर तह. हे मी स्टेजवरून सांगितलं तेव्हा हॉल कोसळायचा बाकी राहिला होता.

नावनोंदणीच्या टेबलापाशी शैलाताई आली. सत्तरीची, ताठ, सुती साडीवर पुरुषी घड्याळ. फॉर्म भरला, आणि जिल्ह्याचा रकाना कोरा ठेवून माझ्यापुढे सरकवला.

"ताई, जिल्हा राहिला."

"राहू दे."

"अगं, जेवणाची गंमत आहे! कुठली तू? सातारा? नगर? मी तुला सीमाभागात टाकू का?"

"नाटक्या," ती म्हणाली. मला ती नाटक्याच म्हणायची. "मला बहारीनमध्ये टाक."

"बहारीनचा सुभा नाहीये."

"मग मला उपाशी ठेव," असं म्हणून ती गेली. मी लगेच तिच्या चालण्याची नक्कल केली. टेबलाभोवतीचे सगळे हसले.

तिचं आडनाव आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. आपल्या लोकांत हे किती अवघड आहे, तुम्हीच बघा. दोन मराठी माणसं परदेशात भेटली की तिसऱ्या वाक्याला आडनाव, चौथ्याला 'मूळचे कुठले', आणि पाचव्या वाक्यापर्यंत आपण मनात त्या माणसाला नेमक्या फळीवर ठेवून दिलेलं असतं. शैलाताईला फळीच सापडायची नाही. तिच्या बोलण्यात 'व्हय' यायचं, 'हो ना गं' यायचं, 'इथंच' यायचं आणि 'हितंच'ही यायचं. ती मुद्दाम करायची, हे मला फार उशिरा कळलं. आणि नवऱ्याचं नाव तर ती कधीच घेत नसे. कायम 'आमचे हे'. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी मागे लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात जायची. बायकांना वाटायचं, जुन्या वळणाची आहे. मलाही तसंच वाटायचं... आणि गंमत वाटायची, कारण तिचे 'हे' सारायेव्होचे होते.

ती इराकमध्ये नर्स होती. युगोस्लाव्हियाच्या कंपन्या तेव्हा तिथे पूल आणि रस्ते बांधत होत्या, आणि त्यांच्या कॅम्पच्या दवाखान्यात हिची नोकरी. एक दिवस पायात खिळा घुसलेला एक सर्व्हेअर आला. "खिळा मी काढला, तो मात्र राहिला," एवढीच तिची प्रेमकहाणी. लग्न झालं, ती सारायेव्होला गेली, तिथली भाषा शिकली, मुलगा झाला. त्याचं नाव रवी. हे नाव ती मोकळेपणी घ्यायची. पुढे युद्ध सुरू झालं, ती आठ वर्षांच्या रवीला घेऊन बसने निघाली, आणि भाऊ इथे नोकरीला होता म्हणून बहारीनला आली. नवरा घर सांभाळायला म्हणून पंधरा दिवस मागे थांबला. ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. "कोणाला माहेर नसतं," ती एकदा म्हणाली होती, "मला सासर नाही. नकाशा काढून बघ. सहा राज्यांचा देश होता. पुसला." मी हे वाक्यसुद्धा एकदा स्टेजवर वापरलं. टाळ्या मिळाल्या.

तिच्या घरी जायचं म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात खायचा, त्यात गोडा मसाला, आणि वर लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यातली काळी कॉफी. त्या जेवणाला कुठल्याच सुभ्यात जागा नव्हती. खाताना मी तिला डिवचायचो, "ताई, तुमच्याकडे भांडणाची सुरुवात कोणी केली? आमचे भाऊजी कुठल्या बाजूचे?" ती पान उलगडत म्हणायची, "ते सांगितलं की तू लगेच बाजू घेशील. जेव."

मी खरंच बाजू घेतली असती. मी वाचून ठेवलं होतं सगळं.

मग मध्यंतरी ती संध्याकाळ आली. आखातात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शेजारच्या युद्धाने आकाश बंद झालं, विमानं रद्द झाली, फोनवर घरीच थांबा म्हणून सूचना आली, आणि खिडकीच्या काचा एकदा अशा थरथरल्या की नीलिमाने हातातली कढई खाली ठेवली. मी घाबरलो. मी मोठ्याने बोलणारा माणूस आहे, पण त्या संध्याकाळी मी नीलिमाशी कुजबुजत बोलत होतो. आणि अशा वेळी माझे सुभे कामाला आले! प्रत्येक ग्रुपने आपापल्या माणसांना फोन लावले. साडेसातपर्यंत कोकणची सगळी घरं मोजून झाली. आमचा दिगू, मालवणचा, क्रेन चालवतो, माझा इथला सगळ्यात जुना दोस्त आणि ग्रुपचा दुसरा ॲडमिन, त्याने लिहिलं, 'कोकण सर्व सुखरूप'. पाठोपाठ पुणे सुखरूप, विदर्भ सुखरूप. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? बाहेर काय होतंय कळत नव्हतं, पण मी एका यादीत होतो आणि यादीने माझी चौकशी केली होती. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना नीलिमा म्हणाली, "शैलाताईंना कोणी फोन केला हो?"

मी म्हटलं, "पुण्याने केला असेल."

पुण्याला विचारलं. पुण्याला वाटलं होतं, कोकणने केला असेल.

मी गाडी काढली. रस्ते रिकामे होते, सिग्नल रिकाम्या रस्त्यांवर लाल हिरवे होत होते. शैलाताईने दार उघडलं तेव्हा तिच्या पायात बूट होते. दाराशी एक बॅग होती आणि बॅगेशेजारी खुर्ची. आदल्या संध्याकाळपासून ती त्या खुर्चीत बूट घालून बसली होती. बशीर दोनदा वर येऊन चहा देऊन गेला होता. आमच्यापैकी कोणाचाही फोन नाही.

मी माफी मागायला लागलो, तर तिने हाताने थांबवलं. "तुम्ही वाईट नाही रे," ती म्हणाली. "तुम्ही मोजताना मला विसरलात, इतकंच." मग कॉफी केली, समोर बसली, आणि एकवीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मी ते तिच्या शब्दांत लिहितो आहे. यात माझा एकही शब्द नाही, आणि मी नक्कल करत नाहीये.

"आमच्या जिन्यात आठ घरं. खाली दरवाज्यावर आठ घंट्या, आठ नावं. एका सकाळी नावांपुढे पेन्सिलीने अक्षरं आली, कोण कुठल्या बाजूचा त्याची. नाव बघूनच कळायचं ना तिथं, कोण कुठला ते. आम्ही सगळे हसलो. पोरांचा चावटपणा. पुसलं. परत आली. मग काय झालं माहितेय? अक्षरं लिहिणारा कोणी सापडला नाही, पण लोकांनी आपल्या हातानं नावाच्या पाट्या काढून टाकल्या. दहा दिवसांत जिना बिननावाचा. म्हणून मी ह्यांचं नाव घेत नाही. तिथं नाव घेतलं की माणूस उघडा पडायचा.

"मग दुसऱ्या मजल्यावरचा एकजण आला. भला माणूस. आमचा हीटर त्यानं तीनदा फुकट दुरुस्त केलेला. म्हणाला, आपण आपल्यांची यादी करतोय, काळजी म्हणून, रात्रीअपरात्री लागलं तर. तू आपल्यातलीच ना? आता मी कशी त्यांच्यातली? मी तिथली कोण? पण मी म्हटलं, हो. आणि नाटक्या, त्या दिवशी मला आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

"चौथ्या मजल्यावर एक म्हातारी होती. रवीला स्वेटर विणायची. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली. मला विचारते, तो यादीवाला तुझ्याकडे आला होता का गं? माझ्याकडे नाही आला. मी म्हटलं... माझ्याकडेपण नाही आला."

कॉफी निवली होती. मी ती तशीच एका घोटात प्यायलो.

"पुढं तिचं काय झालं?" मी विचारलं.

"मी बसमध्ये बसले," शैलाताई म्हणाली. मग माझा रिकामा कप उचलत म्हणाली, "तुझे ते ग्रुप मोडून टाक. गणपतीच्या आधी मोड. नंतर मोडता येत नाहीत."

मी शब्द दिला. तिच्या हातावर हात ठेवून दिला. आणि घरी येऊन मी काय केलं? काही नाही. कारण दरम्यान कोकणच्या ग्रुपवर माझ्या एका नकलेला सत्तावन्न बदाम आले होते. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात आरतीचा क्रम कोणी ठरवायचा यावरून पुणे आणि विदर्भ भांडले. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोणीतरी लिहिलं की स्टेज कायम 'त्यांच्याच' लोकांना मिळतं. 'त्यांच्याच' म्हणजे कोणाच्या, ते न लिहिताही सगळ्यांना कळलं. आडनावं मोजली गेली. मग ठरलं की यंदा कोकणचा गणपती वेगळा, जिदहफ्सच्या बाजूला एक हॉल मिळतोय. दिवस तोच, वेळ तीच. मी ग्रुपवर एक विनोद टाकून वातावरण हलकं करायला गेलो, तर दिगूने मला फोन केला आणि फार हळू आवाजात म्हणाला, "आता मस्करी नको."

वीस वर्षांत दिगू मला असं कधी बोलला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात बशीरचा फोन आला.

बातमी मी पाचही ग्रुपवर टाकली, म्हणजे बाकीच्या चारांवर सुभेदारांना सांगून टाकायला लावली. माणसं आली, हे मला आवर्जून लिहायचं आहे. कामाच्या दिवशी, भर दुपारी, स्मशानभूमीच्या त्या उघड्या मैदानात मंडळातली बहुतेक घरं आली होती. रवी सकाळच्या विमानाने व्हिएन्नाहून पोचला होता, चाळिशीचा, आईसारखाच ताठ, मराठी सगळं समजणारा आणि उत्तर इंग्रजीत देणारा. मी त्याच्याशी दोन शब्द बोललो आणि मागे सरकून उभा राहिलो. उन्हासाठी हात कपाळावर धरला आणि समोर पाहिलं...

पाच घोळके होते.

कोणी सांगितलं नव्हतं. झेंडे नव्हते, माईक नव्हता, मी नव्हतो सांगायला. गाड्यासुद्धा तशाच लागल्या होत्या. मध्ये मोकळी जमीन, आणि पाच घोळके, प्रत्येकजण आपल्या घोळक्यात खालच्या आवाजात बोलत होता. पलीकडे विदर्भाच्या बायकांत मला नीलिमा दिसली. आम्ही एकाच गाडीतून आलो होतो. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या शेजारी कोण उभं आहे ते बघायला मी मान वळवली. डावीकडे दिगू. मागे कणकवली, पुढे वेंगुर्ला. मी कोकणात उभा होतो. माझ्या पायांनी मला तिथे नेलं होतं आणि मला विचारलंही नव्हतं.

तिरडी उचलायची वेळ आली. कोणी हलेना. असं नाही की कोणाला नको होतं. प्रत्येक घोळका दुसऱ्याकडे बघत होता, की ही नेमकी कोणाची? रवी एकटा उभा होता. त्याने हळूच विचारलं, "हू इज कमिंग?" मी दिगूकडे बघितलं. तेवढ्यात फाटकापाशी उभा असलेला बशीर, जो आतपर्यंत यायलाही संकोचत होता, सरळ चालत मधून आला, खांदा खाली घातला आणि मागे वळून आम्हाला म्हणाला, "सब खडा क्यूं है साब? चलो, यल्ला!"

मग सगळे धावले. पण जे बघायचं ते मी बघितलं होतं.

परतताना गाडीत नीलिमा म्हणाली, "तुम्ही तिकडं काहून उभे होते?"

"आणि तू?"

तिने गाडीचा एसी कमी केला. बायको अकोल्याची आहे, ती घाबरली की तिचा आवाज चढतो. त्या दिवशी चढला नाही.

कागदपत्रांसाठी मी रवीबरोबर दोन दिवस फिरलो. शैलाताईचा पासपोर्ट माझ्या हातात होता. त्यावर आडनाव होतं, जन्मगाव होतं. एका फॉर्मवर रवीने वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, तेही मी वाचलं. मंडळातल्या अर्ध्या लोकांनी मला नंतर विचारलं, "काय रे, शेवटी कुठली निघाली?" मी गोष्टीवेल्हाळ माणूस, पोटात काही राहत नाही. हे राहिलंय. तुम्हालाही सांगणार नाही.

रवी गेला. जाताना म्हणाला, घरातलं जे हवं ते घ्या, बाकी वाटून टाका, महिनाअखेर किल्ली मालकाला द्या. म्हणून काल, गुरुवारी, मी आणि नीलिमा तिच्या घरी गेलो. त्याआधी सकाळी मी हिंमत केली होती. कोकणच्या ग्रुपवर लिहिलं, की हा ग्रुप मी सुरू केला, गंमत म्हणून केला, चूक केली, वेगळा गणपती नको, ग्रुप बंद करूया. चांगलं लिहिलं होतं, एकही विनोद नव्हता. चार मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं. ज्याने काढलं त्याला ॲडमिन मीच केलं होतं.

तुम्हाला वाटेल मला हलकं वाटलं. तसं काही झालं नाही. फोन दिवसभर गप्प होता, आणि मी तो पाच पाच मिनिटांनी खिशातून काढून बघत होतो. कुठे काही झालं, आकाश पुन्हा बंद झालं, तर मला कोण मोजणार? लाज वाटेल असा प्रश्न आहे, पण डोक्यातून जाईना.

शैलाताईच्या घरात अजून तिचाच वास आहे, कॉफीचा आणि निलगिरीच्या तेलाचा. नीलिमा स्वयंपाकघरात भांडी घासून खोक्यात भरत होती. मी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या तिच्या आरामखुर्चीत बसलो. तिथे बसून ती दुपारी मुलाला फोन करायची, खुर्चीच्या हातावर तिच्या बोटांनी रंग घासून गेलाय. बसलो, आणि फोन वाजला. दिगूचा मेसेज होता, फक्त मला.

'रे, झाला ता झाला. उद्या हॉलार ये. जागा ठेवलंय तुझी. तू आमचोच मां?'

मी तो तीनदा वाचला. शुक्रवारी दोन हॉल आहेत. कोकणचा जिदहफ्सला, आणि नीलिमाचा, म्हणजे बाकी मंडळाचा, अदलियात. आदल्या रात्रीच तिने मला विचारलं होतं, आपण दोघं कुठेच नको जायला, घरीच बसू, चालेल? आणि मी चालेल म्हटलं होतं.

मी टाइप केलं, 'होय'. आणि पाठवलं. कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. नीलिमाने आतून विचारलं, "कोणाचा मेसेज हो? तुमच्या लोकांचा?"

मी म्हटलं, "नाही. कोणाचाच नाही."

"मलेपण नाही आला," ती म्हणाली, आणि नळ पुन्हा सुरू झाला.

तिचा फोन ओट्यावर होता. मी बसलो होतो तिथून त्याचा उजेड दिसत होता.